मूठ हातात आली

मूठ मामांच्या हातात राहिली आणि दोरी यंत्राच्या पोटात गेली. विहिरीत पोहरा सुटावा तसा सर्र असा एकच आवाज झाला. मामा दोन पावलं मागे कोलमडले, सावरले आणि हातातल्या काळ्या मुठीकडे, तिला लोंबणाऱ्या वीतभर धाग्यांकडे बघत उभे राहिले. फाटकावरच्या वॉचमनने लांबूनच सांगून टाकलं, "ताडु तेगिपोयिंदि." दोरी तुटली.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा तो रविवार. आदल्या रात्री उशिरापर्यंत ढोल आयडीएल तलावाच्या दिशेने जात होते. आता हैदराबादची कुकटपल्ली झोपलेली होती. आधी पाऊस आणि मग मांडव, यामुळे आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर पंधरा-वीस दिवस यंत्र फिरलं नव्हतं. गवत घोट्याच्या वर आलेलं. मांडवाच्या बांबूंचे खड्डे बुजवून सोसायटीचं माळीकाम बघणाऱ्या मामांनी सकाळी सातलाच गवत कापायचं यंत्र बाहेर काढलं होतं, आणि पंधराव्या की सोळाव्या ओढीला हे झालं.

संध्याकाळपर्यंत समितीतल्या मंडळींची तीन मतं पडली. नवं यंत्र घ्यावं. कंत्राटदाराला काम देऊन टाकावं. निदान स्टार्टरचा पूर्ण डबा बदलावा. मामांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "आखाडात तर नवी दोरी घातली होती. मग तुटली कशानं?" आणि मग माझ्याकडे वळून, "ताई, ही आपोआप तुटली नाही. हिला कोणीतरी तोडायलंय."

त्या वाक्यामुळे मी पुढचे तीन दिवस त्यांच्या मागे फिरले. दीड-दोन मीटर दोरीची ही हकिगत दिवाळी अंकात सांगावी असं मला वाटलं, ते मामांनी लावलेल्या शोधामुळे. काम किरकोळ समजलं गेल्यामुळे असा शोध एरवी कुणाच्या कानावर पडत नाही.

मामा नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यातले. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर या पट्ट्यातल्या माणसांना हैदराबाद कधीच परमुलूख वाटला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. कोर्टकचेरीपासून सोन्याच्या खरेदीपर्यंत सगळ्याला इकडेच यायचं. राज्याची हद्द बदलली, पण पोटाची वाट बदलली नाही. इथल्या दखनीतलं 'नक्को' आपल्या 'नको'चंच भावंड आहे, असं मामांना कुणी सांगावं लागत नाही. दिवसभरात ते तीन भाषा बोलतात आणि कुठली बोलतोय याची त्यांना खबरही नसते.

कुकटपल्लीतून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लोक अजून 'मुंबई हायवे' म्हणतात. पुण्याहून सोलापूर, उमरगा, झहीराबाद, संगारेड्डी करत मछलीपट्टणला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६५. मेट्रोच्या खांबांखालून एमएच-१३, एमएच-२४, एमएच-२५ पाट्यांचे ट्रक जाताना दिसले की मला अजूनही थांबून बघावंसं वाटतं. एका बाजूला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीचे 'फेज', दुसरीकडे तंत्रशास्त्र विद्यापीठाचं आवार, खाली बालानगरची कारखानदारी. कुकटपल्लीची नगरपालिका २००७ मध्ये बृहन हैदराबाद महापालिकेत विलीन झाली. २०१७ च्या नोव्हेंबरात मियापूरहून मेट्रो धावली आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर मजले चढले. त्या मजल्यांच्या जाहिरातीत हिरवळ असतेच. एकेकाळी तळ्यांच्या काठी भातखाचरं असलेल्या या भागात आता गवत हे मुद्दाम लावायचं, वाढवायचं आणि कापायचं पीक झालं आहे.

आणि आमच्या जुन्या हिरवळीतलं हे गवत कुठलं? हरळी. मामांनी पहिल्या दिवशी ते ओळखलं तेव्हा त्यांना विश्वास बसला नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याचं अर्धं आयुष्य हरळी आणि कुंदा खणण्यात जातं. हरळीच्या मुळाचा पेरभर तुकडा जमिनीत राहिला तरी पुढच्या पावसात वाफा भरतो. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा वेचायच्या, वाळवून पेटवायच्या, एवढं करूनही ती उरते. तीच हरळी इथे पाणी घालून, खत घालून जोपासायची. तेलुगूत तिला गरिक म्हणतात. गणपतीला वाहिली की ती दूर्वा होते. "गावाकडं हिला उपटायचो, इथं हिला पाजतो," मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पण ज्या हातांनी तीस वर्षं हरळी खणली त्या हातांना ती कशी वाढते, कुठे दबते, ओली असताना पात्याखाली कशी लोळते हे आतून ठाऊक आहे. आमची हिरवळ टिकली आहे ती त्या ओळखीवर.

सोमवारी दुपारी कडुनिंबाखाली यंत्र उघडलं. मामांनी आधी स्पार्क प्लगची टोपी उपसून बाजूला केली. त्यावर त्यांनी एकही शब्द खर्च केला नाही, पण ही पायरी गाळून पुढे जाण्याइतकं घातक या कामात दुसरं काही नाही. यंत्राच्या पोटाखालचं पातं आणि वरचं फ्लायव्हील एकाच उभ्या शाफ्टवर असतं. वर चाक हाताने फिरवलं तर खाली पातं फिरतं, आणि टाकीत उरलेल्या थेंबभर पेट्रोलला एखादी ठिणगी पुरते. पातं साधारण ४८ सेंटिमीटरचं, इंजिनाचा वेग मिनिटाला सुमारे ३,००० फेऱ्यांचा. हिशोब केला तर पात्याचं टोक सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर पळत असतं.

मग दहा नंबरच्या पान्याने तीन नट काढले आणि डोक्यावरची टोपी उचलली. आत काय असतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. एक चपटी पुली, तिच्या खोबणीत गुंडाळलेली दोरी. पुलीच्या पोटात कमान: जुन्या चावीच्या घड्याळात असते तशी पोलादी पट्टीची वेटोळी. आणि पुलीच्या तोंडाशी दोन छोट्या जिभा. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये ज्यांना मिस्त्री 'कुत्रे' म्हणतात, ती जात. पायडल पुढे मारलं की कुत्रे दात धरतात, उलटं मारलं की सोडतात, इथेही तेच. दोरी ओढली की पुली फिरते, कुत्रे बाहेर येऊन खालच्या वाटीच्या खाचा पकडतात, वाटी फ्लायव्हीलला जोडलेली असल्याने सगळं इंजिन फिरतं. इंजिन सुरू झालं की वाटी पुलीपेक्षा जोरात पळते आणि कुत्रे आपोआप आत सरकतात. हात सैल केला की कमान दोरीला परत गुंडाळून घेते. बॅटरी नाही, वायरींचं जंजाळ नाही.

ठिणगीसुद्धा या ओढीतूनच येते. फ्लायव्हीलच्या कडेला चुंबक बसवलेलं असतं. ते शेजारच्या कॉइलजवळून झपाट्याने गेलं की कॉइलमध्ये वीज उमटते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. चाक हळू फिरलं तर ठिणगी पडतच नाही. एका ओढीत इंजिनाचे जेमतेम तीन-चार फेरे होतात आणि फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांतली एकच ठिणगी कामाची. म्हणजे खांद्यापासून सगळी ताकद लावून ओढलं तरी इंजिन पेट घ्यायला एक किंवा दोन संधी देतं. तेवढ्यात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण नीट असलं, दाब नीट बसला, तर ठीक. नाहीतर परत ओढा.

या यंत्रात दोन जुने शोध एकमेकांना भेटतात. इंग्लंडमध्ये स्ट्राउड या लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. कापडावरची लव एकसारखी कातरणारं यंत्र तिथल्या गिरण्यांत असे. तसं फिरतं पातं गवतावर चालवता येईल हे त्याला सुचलं, आणि ३१ ऑगस्ट १८३० रोजी त्याला त्याचं पेटंट मिळालं. त्याआधी हिरवळ म्हणजे विळे घेऊन पहाटे दवात उतरणाऱ्या माणसांच्या रांगा. बडिंगच्या पेटंटला वर्ष व्हायला दोन दिवस बाकी असताना, २९ ऑगस्ट १८३१ ला, मायकेल फॅरडेने लंडनच्या प्रयोगशाळेत चुंबकीय बदलातून वीज उमटते हे दाखवलं. मामांच्या प्रत्येक ओढीत फॅरडेचं चुंबक फिरतं आणि बडिंगचं गवत कापलं जातं. पुढे मोठी यंत्रं घोडे ओढू लागले, त्यांच्या खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून त्यांना चामड्याचे बूट चढवत. आपल्याकडे हे काम बैलांनीही केलं आहे. मग इंजिन आलं. मोटारगाडीला चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर दिला, तो १९१२ च्या कॅडिलॅकवर आला आणि हँडल मारायचा जाच संपला. गवत कापणाऱ्याचा खांदा मात्र अजून त्याच कामावर आहे.

हँडलचा विषय निघाला तेव्हा मामांनी डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं. गावाकडे विहिरीवर डिझेल इंजिन होतं. त्याला एक खटका असे. तो उचलून धरला की आतला दाब सुटतो, हँडल हलकं फिरतं, वेग आला की खटका सोडायचा. चौदा वर्षांचे असताना त्यांनी खटका लवकर सोडला आणि हँडल उलटं आलं. हाड जुळलं, पण थंडीत दुखतं. गवत कापायच्या यंत्रात तोच खटका कॅमशाफ्टवर आपोआप चालतो: हळू फेऱ्यांना व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, वेग आला की मिटतो. तो अडला, किंवा पातं सैल झालं, किंवा फ्लायव्हीलची चावी कातरली गेली, तर दोरीही हँडलसारखी उलटा झटका देते. बोटांतून मूठ हिसकावून घेते.

आता तुटलेलं टोक. मामांनी ते उन्हात धरून मला दाखवलं. दोरी तीन तऱ्हांनी मरते, असं त्यांचं म्हणणं. कापसासारखी फुलून बारीक होत गेली असेल तर ती कुठेतरी घासत होती. एका रेषेत तुटली असेल तर झटका. टोक चकाकतं, कडक, वितळल्यासारखं असेल तर गरम झाली. आमच्या दोरीचं टोक फुललेलंही होतं आणि आतून चकाकतही होतं. शिवाय ती निळी होती. आषाढात कुणीतरी घाईने हार्डवेअरच्या दुकानातून कपडे वाळत घालायची निळी दोरी आणून दिली होती. लोक तिला नायलॉन म्हणतात, पण ती बहुतेक पॉलिप्रोपिलीनची असते आणि १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळते. खरं नायलॉन त्याच्या कितीतरी वरपर्यंत टिकतं. फास धरून घासणाऱ्या दोरीला तेवढा फरक जीवन-मरणाचा.

पण चुकीची दोरी हे अर्धंच उत्तर होतं. मामांनी प्लग पूर्ण काढला. प्लग नसला की सिलिंडरमध्ये दाब धरत नाही, चाक बोटाने फिरायला हवं. त्यांनी मला दांड्यावरचा खटका घट्ट दाबून धरायला सांगितलं आणि फ्लायव्हील फिरवलं. खरखर. थोडं फिरलं आणि थांबलं. परत फिरवलं, परत खरखर. मामांचा चेहरा मी विसरणार नाही. दुखरी जागा सापडलेल्या वैद्याचा चेहरा होता तो.

दांड्यावरचा तो खटका म्हणजे ब्रेकचा. हात सुटला की पातं थांबावं यासाठी तो असतो. अमेरिकेत १९८२ च्या मध्यापासून तसा नियमच आहे: माणसाने दांडा सोडल्यावर तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. त्या नियमामुळे किती पायांची बोटं वाचली असतील! खटका दाबला की केबल ओढली जाते आणि ब्रेकचा गुटका फ्लायव्हीलपासून दूर होतो. आमच्या यंत्राची केबल ताणून ताणून लांबली होती. खटका पूर्ण दाबला तरी गुटका अर्धवट चिकटलेला. म्हणजे गेले दोन महिने मामा प्रत्येक वेळी दोरी ओढताना ब्रेक लागलेलं इंजिन ओढत होते. माणूस पायडल मारतोय आणि कुणी मागून कॅरिअर धरून ठेवलंय, तसं. ते रोज संध्याकाळी खांद्याला तेल का चोळतात, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

दुसरा गुन्हेगार दांड्यावरच्या कडीत सापडला. जिच्यातून दोरी वर येते त्या लोखंडी कडीच्या आतल्या अंगाला गंजून धार आली होती. मामांनी जुन्या धोतराची चिंधी तिच्यातून दोनदा ओढली आणि उचकटलेले धागे माझ्या तळहातावर ठेवले.

यंत्रं आडवी करण्याविषयीही मला तिथेच कळलं. आमच्या पिढीने पेट्रोल संपत आलं की स्कूटर आडवी केली, परत उभी केली आणि किक मारली. ती सवय हाताला लागलेली आहे. या यंत्राचं पोट साफ करायला ते वाटेल त्या कुशीवर पाडलं की तेल सिलिंडरमध्ये आणि एअर फिल्टरमध्ये उतरतं. मग दोरी दगडासारखी अडते, आणि अडलेली दोरी हिसडली की तुटते. कार्ब्युरेटरची बाजू आकाशाकडे ठेवूनच पाडायचं. पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. महिनाभर टाकीत तसंच राहिलं की कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकटा बसतो. मग जिथे दोन ओढींत काम व्हायचं तिथे वीस लागतात, आणि शेवटी बोल दोरीला.

मंगळवारी मेट्रोने निघालो. अमीरपेटला गाडी बदलून पॅराडाइजला उतरलो आणि तिथून रिक्षाने रानीगंज. हैदराबाद-सिकंदराबादमध्ये नट-बोल्ट, बेअरिंग, पट्टे, पंप, स्प्रिंग असं काहीही हवं असलं की लोक रानीगंजला येतात. अरुंद दुकानं, छतापर्यंत खोके, आणि गिऱ्हाईक हातात मोडका भाग घेऊन उभं. मामांच्या पिशवीत आमची पुली होती आणि तुटलेल्या दोरीचे दोन्ही तुकडे.

पहिल्या दुकानदाराने पुली पाहिली आणि स्टार्टरचा आख्खा डबा काउंटरवर ठेवला. दोरी सुटी मिळत नाही म्हणाला. दुसऱ्यानेही तेच. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. डबा विकणं सोपं, आणि आणून देणारी साखळीच डब्यांची आहे. पण पुली चांगली, कमान चांगली, कुत्रे चांगले, आणि दीड-दोन मीटर दोरीसाठी हे सगळं भंगारात टाकायचं, याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनांबरोबर शेतीची अवजारंही तिच्या यादीत होती. या हक्काची खरी परीक्षा अशा काउंटरवर होते. सुटा भाग मागणाऱ्या माळ्याला तो मिळतो का?

तिसऱ्या दुकानात मिळाला. आतल्या अंधारातून म्हाताऱ्या दुकानदाराने रीळ काढलं: पांढऱ्यात लाल ठिपका, विणीची दोरी, साडेचार मिलिमीटर. मामांनी ती पुलीच्या खोबणीत बसवून पाहिली. जाड दोरी पुलीत पूर्ण मावत नाही आणि मूठ बाहेरच लोंबते. बारीक दोरी वेटोळ्यांच्या मध्ये रुतते आणि लवकर झिजते. मग दोन्ही तुकडे जोडून हाताने मोजले. साडेचार हात. वर एक वीत गाठींसाठी. चहा-समोशाच्या पैशात काम झालं. ब्रेकची केबल दुसऱ्या दुकानात मिळाली.

परतताना मामा हाउसिंग बोर्डाजवळच्या रैतू बाजारात थांबले. गोंगूऱ्याच्या जुड्या रचलेल्या होत्या. या भाजीला आपण अंबाडी म्हणतो. मामांनी एक जुडी घेतली, देठ नखाने सोलून साल काढली आणि दोन बोटांत पीळ दिला. वाख. मराठवाड्यात अंबाडी पाण्यात कुजत घालायची, वाख सोडवायचा आणि त्याचे दोर वळायचे. कासरा, दावं, चऱ्हाट, मोटेचा नाडा, सगळं तिचं. वळणारे हात बहुतेक मातंग वस्तीतले. गावाच्या विहिरीचं पाणी त्या हातांनी वळलेल्या नाड्याने वर यायचं, आणि त्याच विहिरीवर पाणी भरायला त्यांना मज्जाव असायचा. मामांचे आजोबा दोर वळत. हे त्यांनी मला आठ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, गोंगूऱ्याची जुडी हातात धरून, कुकटपल्लीच्या बाजारात. मग म्हणाले, "दोराची मला पारख हाय ती तिथून."

बुधवारी सकाळी जोडणी. आधी कडीची धार कानशीने मोडली, पॉलिश पेपर फिरवला, परत चिंधी ओढली. एकही धागा अडकला नाही. नवी केबल बसवून ताण जुळवला. खटका दाबल्यावर फ्लायव्हील असं निसटत फिरलं की मामा स्वतःशीच हसले. मग दोरी.

टोकं आगपेटीच्या काडीवर फिरवून बंद केली, पण गोळा होऊ दिला नाही. गोळा झाला की पुलीच्या भोकातून जात नाही. गाठ आठाची, निरगाठ. "इथं सुरगाठ चालत नाही," असं म्हणत त्यांनी ती पक्कडीत धरून दोन्हीकडून आवळली. निरगाठ, सुरगाठ हे शब्द मी आजीनंतर कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. नायलॉन गुळगुळीत असतं, हाताने मारलेली गाठ हळूहळू सुटते. म्हणून हा अट्टहास.

अवघड भाग कमानीचा. रिकामी पुली कमानीच्या विरुद्ध फिरवत न्यायची, पूर्ण ताठ होईपर्यंत. मग पुलीचं भोक टोपीच्या भोकासमोर येईपर्यंत मागे सोडायची, आणि तिथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसून अडवायची. हात सुटला तर पुली भिंगरीसारखी उलटी फिरते आणि बोटं सोलून काढते. कमानीचं झाकण उघडायची वेळ आली तर हातमोजे आणि चष्मा हवाच. ती पट्टी डब्यातून सापासारखी उसळते. मी टोपी धरली, मामांनी दोरी ओवली, मूठ बांधली, स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि पुली हाताने सावकाश मागे सोडली.

मूठ कडीशी पोचायच्या आत वीतभर दोरी बाहेरच थांबली. पीळ कमी पडला होता. परत सगळं सोडलं. दुसऱ्या वेळी मागे न सोडता पूर्ण पीळ ठेवला; मूठ तर झटकन आत गेली, पण दोरी शेवटपर्यंत ओढताच कमानही पूर्ण ताठ झाली. तशीच वापरली असती तर आठवड्यात कमान तुटली असती. तिसऱ्या वेळी बरोबर. दोरी शेवटपर्यंत ओढल्यावरही पुली आणखी थोडी फिरू शकते, ही त्याची खूण. साडेनऊ वाजले होते.

प्लग पुसून बसवला, जुनं पेट्रोल काढून ताजं घातलं. मामांनी खटका दाबला. आधी दोरी हळू ओढली, दाब हाताला लागेपर्यंत. तिथून ती सावकाश परत आत जाऊ दिली. मग एकच ओढ, खांद्यातून नाही, कंबरेतून. इंजिन पहिल्या ओढीला लागलं. मूठ त्यांनी सोडली नाही. हातात धरून कडीपर्यंत नेली आणि तिथे टेकवली.

समितीतले एक गृहस्थ वरून बघत होते. बॅटरीचं यंत्र घेऊया, दोरीची भानगडच नको, असं ते म्हणत होते. मामांच्या खांद्यासाठी बॅटरीचं यंत्र आलं तर मी स्वतः वर्गणी देईन. पण त्यात काही दुरुस्त करावंच लागणार नाही हे मला पटत नाही. पातं त्याचंही सैल होईल, आणि ते फिरवून खरखर ऐकणारा माणूस तेव्हाही लागेल. मी पुढच्या बैठकीत मामांचा खांदा विषयपत्रिकेवर घातला आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांत ब्रेकचा खटका तारेने कायमचा बांधून ठेवलेला मी याच आठवड्यात पाहिला. तोही विषय घातला आहे. एकीकडची तार मामांनी त्याच दुपारी जाऊन कापली, केबल जुळवून दिली.

आमच्या हिरवळीवर यंत्र अकरापर्यंत फिरलं. कुंपणाच्या कोपऱ्यात, नळाजवळ, चटईएवढा तुकडा मामांनी तसाच ठेवला. मला वाटलं राहून गेला. मी हात करून दाखवला. त्यांनी इंजिन बंद केलं, कपाळ पुसलं.

"आज संकष्टी हाय ताई. बाया संध्याकाळी दूर्वा न्यायला येतील."